लिनक्स निवडताना : ‘सपोर्ट आहे’ म्हणजे नेमके काय आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे शाळाशाळांमधले कितीतरी चांगले चालणारे संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. (योगायोग असा, की लिनक्सवरील केडीई या डेस्कटॉपचा जन्मदिवसही १४ ऑक्टोबरच. १९९६ साली याच तारखेला माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने त्याची घोषणा केली होती.) तेव्हापासून शिक्षक मित्रांचा एकच प्रश्न वारंवार येतो : “लिनक्स टाकायचे आहे, कोणते टाकू?” आणि लगेच पुढचे वाक्य : “ज्याला चांगला डेस्कटॉप चालतो असे सांगा.”

या प्रश्नाला कागदावर अगदी सोपे उत्तर आहे. जवळजवळ प्रत्येक वितरण सांगते, की आमच्याकडे ग्नोम आहे, केडीई प्लाझ्मा आहे, एक्सएफसीई, सिनॅमन, माते, एलएक्सक्यूटी सगळे आहे. परीक्षणे लिहिणारेही हीच यादी उतरवतात, सोबत पडद्याची चार सुंदर चित्रे देतात आणि गुण देऊन मोकळे होतात. माझी तक्रार या यादीबद्दल आहे. एसटी स्थानकाच्या फलकावर गाडीचे नाव असते. पण त्या गाडीला चालक-वाहक नेमलेले आहेत की नाहीत, हे फलक सांगत नाही. फाट्यावर उभे राहिल्यावरच ते कळते.

लिनक्स हे मुळात प्रणालीच्या गाभ्याचे नाव. हा गाभा, त्यावरच्या हजारो आज्ञावली, त्या बसवण्याची आणि अद्ययावत ठेवण्याची व्यवस्था, हे सारे एकत्र बांधून दिले की त्याला वितरण म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट, ओपनसुसे ही वितरणे झाली. डेस्कटॉप म्हणजे आपल्याला पडद्यावर जे दिसते आणि हाताला लागते ते : खिडक्या, खालची पट्टी, मेनू, फाइली पाहण्याची सोय, सेटिंगची पाने. डेस्कटॉप घडवणारी मंडळी वेगळी आणि वितरण बांधणारी वेगळी. केडीईचा गट डेबियनसाठी लिहीत नाही, ग्नोमचा गट फेडोराचा नोकर नाही. या दोघांच्या मध्ये एक माणूस असतो. तो डेस्कटॉपचा मूळ मजकूर घेतो, आपल्या वितरणात बसेल असा त्याचा गठ्ठा, म्हणजे पॅकेज, बांधतो, तपासतो आणि पुढे काही बिघडले तर दुरुस्ती आणून लावतो. त्याचे नाव परीक्षणात येत नाही. माझ्या मते वितरण निवडण्याचा सारा प्रश्न या माणसाचा आहे. तो आहे का, किती जण आहेत, पगारी आहेत की हौशी, आणि उद्या ते थांबले तर काय, हे पाहायला हवे.

‘सपोर्ट आहे’ या दोन शब्दांत किती निरनिराळ्या गोष्टी दडल्या आहेत पाहा. कधी त्याचा अर्थ एवढाच असतो, की पॅकेजे भांडारात पडून आहेत. कधी बसवतानाच तो डेस्कटॉप निवडता येतो, असा अर्थ असतो. फेडोरात ग्नोम आणि केडीई यांच्याबाबतीत अर्थ बराच वजनदार आहे : ठरलेल्या चाचण्यांत हे दोन बिघडलेले आढळले, तर नव्या आवृत्तीची तारीखच पुढे ढकलली जाते. तिथल्या इतर बहुतेक डेस्कटॉपांना हा मान नाही. ते बिघडले तरी गाडी वेळेवर सुटते. एप्रिल २०२५ मध्ये फेडोरा ४२ ने केडीईला ग्नोमच्या बरोबरीचा दर्जा दिला, तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला. खरी गोष्ट अशी, की आवृत्ती अडवून धरण्याचा अधिकार केडीईकडे आधीपासूनच होता. बातमी व्हायला हवी होती ती त्या जुन्या नियमाची, पण नियमाचे चित्र काढता येत नाही.

आणि कधी ‘सपोर्ट’चा अर्थ असतो सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत. इथे तर फार बारकाईने वाचावे लागते. उबुंटूची दीर्घ मुदतीची २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली. तिच्या मुख्य, म्हणजे ग्नोम असलेल्या, रूपाला पाच वर्षांचा पाठिंबा आहे. त्याच दिवशी आलेल्या कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू या भावंडांना तीन वर्षांचा. गाभा तोच, आवृत्तीचा क्रमांक तोच, फरक डेस्कटॉपचा. ग्नोम उबुंटूच्या मुख्य भांडारात आहे आणि त्याची जबाबदारी कॅनॉनिकल ही कंपनी घेते. केडीई आणि एक्सएफसीई ‘युनिव्हर्स’ नावाच्या भांडारात आहेत आणि त्यांची जबाबदारी स्वयंसेवकांवर आहे. शाळेत एकदा बसवलेली प्रणाली कोणी पाच वर्षे हलवत नाही, हे आपण सारे जाणतो. “उबुंटूला पाच वर्षे आहेत” एवढेच ऐकून झुबुंटू बसवणाऱ्याची दोन वर्षे हिशेबातून गळतात.

हा माणूस निघून गेला तर काय होते, याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत कॅनॉनिकलने कुबुंटूच्या कामाचा पगार थांबवत असल्याचे जाहीर झाले. पुढे ब्लू सिस्टिम्स या जर्मन कंपनीने हात दिला म्हणून ते वितरण टिकले. रेड हॅटने आपल्या व्यावसायिक लिनक्सच्या ७.६ या आवृत्तीत, २०१८ साली, केडीई यापुढे राहणार नाही अशी सूचना दिली आणि २०१९ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीतून तो काढून टाकला. मिंटनेही केडीईची आवृत्ती १८.३ पाशी थांबवली. यात केडीई वाईट होता असा निष्कर्ष कोणी काढू नये. तिन्ही ठिकाणी कारण एकच होते : हे वितरण मनापासून ज्या डेस्कटॉपचे होते, तो हा नव्हता. पाहुण्याला घरात जागा असते, पण अडचण आली की आधी पाहुण्याची खोली रिकामी होते.

घरच्या माणसावरही हा प्रसंग येऊ शकतो, हे मात्र सांगितले पाहिजे. एप्रिल २०११ मध्ये उबुंटूने ११.०४ या आवृत्तीत स्वतःचा युनिटी हा डेस्कटॉप सर्वांपुढे ठेवला, आणि एप्रिल २०१७ मध्ये तो सोडून पुन्हा ग्नोमकडे परतण्याचे जाहीर केले. ग्नोमनेही त्याच २०११ मध्ये आपले रूप मुळापासून बदलले होते. ग्नोम २ मधली वरची-खालची पट्टी आणि ओळखीचा मेनू ग्नोम ३ मध्ये गेला. ज्यांचे हात जुन्या मांडणीला सरावले होते ते इतके अस्वस्थ झाले, की त्यातून दोन नवे डेस्कटॉप उभे राहिले. एक माते. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २ चाच मजकूर पुढे चालवायला घेतला आणि तिकडच्या चहासारख्या पेयाचे नाव त्याला दिले. दुसरा सिनॅमन, जो मिंटने स्वतः घडवला. सिनॅमनबद्दल मला आदर वाटतो तो त्याच्या दिसण्यामुळे नव्हे. तो घडवणारे आणि वितरण बांधणारे एकच आहेत, त्यामुळे मधल्या माणसाचा प्रश्नच तिथे उरत नाही.

“पण लिनक्समध्ये कोणत्याही वितरणावर कोणताही डेस्कटॉप टाकता येतो ना?” असे जाणकार विचारतात. येतो. मीही टाकला होता. आमच्या प्रयोगशाळेत ग्नोम असलेल्या उबुंटूच्या एका संगणकावर एका विद्यार्थिनीला केडीई हवा होता. मी एक आज्ञा दिली, शेकडो पॅकेजे उतरली आणि दोन्ही डेस्कटॉप चालू लागले. मला माझे फारच कौतुक वाटले. मग हळूहळू गंमत सुरू झाली. मेनूमध्ये दोन टर्मिनल, दोन फाइल-व्यवस्थापक, दोन सेटिंग. वाय-फायचा परवलीचा शब्द एका डेस्कटॉपच्या तिजोरीत, दुसऱ्याला त्याचा पत्ता नाही. ग्नोमच्या धाटणीच्या आज्ञावली आपल्यात शोभाव्यात म्हणून केडीई त्यांच्या रंग-अक्षरांच्या फाइलींत काही लिहून ठेवतो. त्यामुळे ग्नोममध्ये परतल्यावर काही खिडक्या भलत्याच वेषात उभ्या. शेवटी केडीई काढून टाकला, तरी त्याच्या खुणा त्या मुलीच्या खात्यात राहिल्याच आणि नवे खाते उघडावे लागले. यात दोष कुठल्याच डेस्कटॉपचा नव्हता, माझा होता. ‘टाकता येणे’ आणि ‘तो असण्याची तयारी वितरणाने केलेली असणे’ यांतला फरक मी विसरलो होतो. एका संगणकावर हा उद्योग करमणूक म्हणून ठीक आहे. वीस संगणकांच्या शालेय प्रयोगशाळेत, जिथे दर तासाला नवा वर्ग येतो, तो करू नये.

मग वितरणाची तयारी ओळखायची कशी? परीक्षणांतून सहसा निसटणारी एक खूण मला फार उपयोगी वाटते. ती म्हणजे दोघांचे कॅलेंडर जुळते का. ग्नोमची नवी आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरात येते; फेडोरा आणि उबुंटू यांच्या आवृत्त्या साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरात. म्हणजे ताजा ग्नोम महिनाभरात वापरणाऱ्याच्या हातात. उलट एक्सएफसीई संथ आहे. त्याची ४.१६ ही आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली, ४.१८ डिसेंबर २०२२ मध्ये आणि ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये. डेबियनही असाच संथ : अकरावी आवृत्ती ऑगस्ट २०२१, बारावी जून २०२३, तेरावी ऑगस्ट २०२५. अकराव्यात ४.१६, बाराव्यात ४.१८, तेराव्यात ४.२०. तिन्ही वेळा डेस्कटॉपला काही महिने मुरायला मिळाले आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत फारसे काही शिळेही झाले नाही.

आता त्याच डेबियन १३ मधला केडीई पाहा. तिथे प्लाझ्मा ६.३.६ आहे. ही ६.३ मालिकेतली शेवटची दुरुस्ती. ती जुलै २०२५ मध्ये आली आणि डेबियन १३ ऑगस्टमध्ये. म्हणजे वितरण प्रसिद्ध झाले त्या दिवशीच डेस्कटॉपचे मूळ कर्ते त्या मालिकेचे काम आटोपून पुढे गेलेले होते. यापुढे दोष सापडला तर मूळ गटाची नवी आवृत्ती जशीच्या तशी येणार नाही. डेबियनच्या स्वयंसेवकांनी ती दुरुस्ती वेगळी काढून मागे आणली तरच येईल. केडीईची वाढ वेगाने होते, तिला डेबियनची चाल मानवत नाही. यावर कोणी म्हणेल, की शाळेला बदल नकोच असतात. हे मला मान्य आहे आणि डेबियनमधला केडीई म्हणून मी टाकाऊ म्हणणार नाही. पण ज्याला केडीईच हवा आहे आणि वर्षातून एकदा आवृत्ती बदलण्याची तयारी आहे, त्याने फेडोराकडे जावे. फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिनेच पाठिंबा असतो, हे लक्षात ठेवून.

निकष लावून केलेली एक निवड मला आदर्श वाटते, आणि ती डेबियनचीच आहे. २०१२ साली त्यांच्या विकसनशील आवृत्तीत आपोआप बसणारा डेस्कटॉप म्हणून ग्नोमऐवजी एक्सएफसीई ठरवला गेला. कारण ग्नोम पहिल्या सीडीवर मावत नव्हता. प्रसिद्धीपूर्वीच तो निर्णय फिरला. २०१३ मध्ये पुन्हा एक्सएफसीई आला. पण या वेळी त्यांनी निकषांची यादी मांडून डेस्कटॉपांची तुलना केली, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये पुन्हा ग्नोमकडे वळले. ठळक कारण होते सुगम्यता : ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते त्यांना तो डेस्कटॉप कितपत वापरता येतो. सीडीवरची जागा काही वर्षांत निरर्थक झाली, हे कारण झाले नाही. आपल्या परीक्षणांत हा निकष मला क्वचितच आढळतो. वर्गात एक जरी दृष्टिहीन विद्यार्थी असेल, तरी ऑर्का हे पडदावाचक त्या डेस्कटॉपवर सुरुवातीच्या प्रवेशपडद्यापासून बोलते का, हा प्रश्न पट्टीच्या रंगाच्या कितीतरी आधी येतो.

गेल्या काही वर्षांत हा सारा प्रश्न अधिक अवघड झाला आहे, कारण पडद्यावर चित्र काढणारी व्यवस्थाच बदलते आहे. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एक्स या व्यवस्थेत चित्र काढणारा सर्व्हर सर्वांचा सामाईक होता. खिडक्या सांभाळणारी आज्ञावली प्रत्येक डेस्कटॉपची वेगळी. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडमध्ये ही दोन्ही कामे एकत्र आली आणि ती करणारी आज्ञावली ज्या त्या डेस्कटॉपची झाली. हा बदल आवश्यक होता. एक्समध्ये कोणतीही आज्ञावली दुसऱ्या खिडकीत काय टंकले जाते ते वाचू शकत असे. पण पूर्वी एकदा सामाईक सर्व्हरमध्ये केलेली सोय सर्वांना मिळत होती. आता पडद्याचे चित्र घेणे, तो दुसऱ्या संगणकावर दाखवणे, भिंगासारखे मोठे करणे, कळफलक बदलणे हे प्रत्येक डेस्कटॉपला आपापले करावे लागते. मोठ्या गटांना ते जमले. फेडोराने एप्रिल २०२४ मध्ये केडीईसोबतचे एक्सचे सत्र आपोआप देणे थांबवले, उबुंटूने ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० मध्ये ग्नोमसाठी तेच केले. लहान गट मागे आहेत, एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँड केवळ प्रायोगिक आहे. विद्यार्थ्यांचे पडदे शिक्षकांच्या संगणकावर दाखवणारी कित्येक साधने एक्सच्या खुलेपणावरच उभी आहेत. ज्यांच्या प्रयोगशाळेत अशी साधने आहेत त्यांना मागासलेला एक्सएफसीई काही वर्षे तरी जास्त उपयोगी पडेल. नवे ते श्रेष्ठ या समजाला इथे ठेच लागते.

मराठी टंकण्याचेही तसेच. इन्स्क्रिप्ट येणाऱ्याचे कुठेच फारसे अडत नाही. सेटिंगमध्ये भारतीय कळफलक जोडला की काम झाले. पण रोमन अक्षरांवरून उच्चारानुसार टंकणारे शिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यांना आयबस किंवा तत्सम मधली आज्ञावली लागते. ग्नोमने २०१२ च्या ३.६ या आवृत्तीपासून आयबस अंगातच घेतला, त्यामुळे ‘मराठी’ तिथे कळफलकांच्या यादीतच सापडते. केडीईच्या वेलँड सत्रात त्यासाठी ‘आभासी कळफलक’ नावाच्या पानावर जावे लागते. समोर खराखुरा कळफलक असताना आभासी कळफलकाचे पान उघडण्याचे कोणाला सुचेल? केडीईच्या परीक्षणात त्याच्या शेकडो पर्यायांचे कौतुक असते. त्यांतला एक पर्याय असा लपलेला आहे, ही नोंद मराठी वाचकासाठी कोणीतरी करायला हवी होती.

माझा स्वतःचा सल्ला उलटीकडून जातो. आधी डेस्कटॉप ठरवा, तोही वापरणाऱ्यांकडे पाहून, आणि मग तो ज्याच्या घरचा आहे ते वितरण घ्या. विंडोजची सवय असलेल्या शिक्षकांसाठी सिनॅमन हवा तर मिंट. त्याच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. कमी मेमरीचे जुने संगणक असतील तर डेबियन आणि एक्सएफसीई. पण संगणक ३२ बिटांचे असतील तर डेबियन १३ त्यांच्यावर बसणार नाही. सुगम्यता आणि मराठी टंकन यांना प्राधान्य असेल आणि संगणकांत पुरेशी मेमरी असेल तर ग्नोम, म्हणजे उबुंटूची दीर्घ मुदतीची मूळ आवृत्ती. केडीईचे मी वर सांगितलेच.

बसवण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून एक दिवस चालवून पाहण्याची सोय ही सारी वितरणे देतात, आणि ती चाचणी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या नव्या संगणकावर घेऊ नये. प्रयोगशाळेतला सर्वांत रडका संगणक घ्यावा. त्याला प्रोजेक्टर जोडावा, शाळेचा छापयंत्र जोडावा, मराठीत ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द टंकून छापावा, दोन खिडक्या उघड्या ठेवून पडदा मोठा करून पाहावा, आवाज येतो का ऐकावे. नंतर पडदा बंद करून फक्त ऑर्काच्या आवाजावर फाइल उघडता येते का, हे एखाद्या विद्यार्थ्याला करून पाहायला सांगावे.